चोरलेल्या क्रेडिट कार्डाच्या नंबराचं बिल शेवटी भरतं कोण?

शेवटचा_डबा
सोमवार, रात्री १०.४२

आमच्या डोंबिवली फास्टच्या ग्रुपात या विषयावर बरेच दिवस हाणामारी चालू आहे. ठाणे ते दादर एवढ्या वेळात कुठलाच विषय संपत नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

माझ्या क्रेडिट कार्डाचा नंबर कुठून तरी गळला. कार्ड माझ्याच खिशात होतं. ओटीपी आला नाही, कोणाचा फोनही नाही. थेट मेसेज आला की परदेशातल्या एका साइटवर डॉलरमध्ये बूट खरेदी झाले. कार्ड ब्लॉक केलं, बँकेला कळवलं, 'हा व्यवहार माझा नाही' असा फॉर्म भरून दिला. पुढे रक्कम जमा होऊन आली आणि माझ्यापुरतं प्रकरण मिटलं.

ग्रुपातले एक जण म्हणतात, बँक भरते, तुला काय करायचंय. दुसरे म्हणतात, या सगळ्याचा इन्शुरन्स असतो. तिसऱ्यांचं मत असं की व्हिसा-मास्टरकार्डवाले एवढे कमावतात, ते सोसत असणार. मला पटत नाही. बूट तर गेले ना कोणाच्या तरी गोदामातून? माझे पैसे परत आले, चोराला बूट मिळाले, मग मधला खड्डा कोणी बुजवला?

जाणकारांनी लिहावं. 'ओटीपी कोणाला देऊ नका' छापाचे प्रतिसाद नकोत, ते बँक रोज पाठवते.

टवाळ_पोर
सोमवार, रात्री १०.५१

बुटांचं माप कळेल का? नाही, सहज.

फोर्टचा_बाबू
सोमवार, रात्री ११.३५

नोकरीची शेवटची वर्षं फोर्टात एका बँकेच्या कार्ड विभागात अशाच फाइली निपटण्यात गेली, म्हणून लिहितो. मंडळी, तुमच्या ग्रुपातले तिघेही या प्रकरणात चुकलेत. तुमचे बूट बूटवाल्यानेच भरले.

यात चार पक्ष असतात. तुम्हाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराची बँक, दोघींच्या मधलं नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे) आणि दुकानदार. तुम्ही व्यवहार नाकारलात की तुमची बँक नेटवर्कच्या नियमाने दुकानदाराच्या बँकेकडून पैसे मागे खेचते. याला चार्जबॅक म्हणतात. दुकानदाराची बँक मग ते दुकानदाराच्या पुढच्या जमेतून वळते करून घेते, वर फी लावते. फसवणुकीच्या प्रकरणात साधारण १२० दिवसांपर्यंत हे होऊ शकतं, म्हणजे माल विकून, पैसे मोजून, विसरून गेल्यावरसुद्धा. नेटवर्क या सगळ्यात पंच असतं आणि पंचाला दोन्हीकडून फी मिळते. त्याच्या खिशातून दमडी जात नाही.

आता ओटीपीचा संबंध. ऑनलाइन खरेदीत कार्डधारकाची वेगळी ओळख पटवण्याची जी पद्धत आहे तिला थ्री-डी सिक्युअर म्हणतात. व्हिसाने ती २००१ मध्ये आणली. दुकानदारांनी ती वापरावी म्हणून नेटवर्कने आमिष ठेवलं: तुम्ही ही तपासणी केलीत तर फसवणुकीचा तोटा तुमच्याकडून उठून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाईल. नाही केलीत तर तुमच्याच गळ्यात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून देशातल्या ऑनलाइन व्यवहारांना असा दुसरा टप्पा सक्तीचा केला. परदेशातल्या दुकानांवर ती सक्ती चालत नाही. चोरलेला भारतीय नंबर बहुतेक वेळा डॉलर-युरोत वाजतो तो यामुळेच.

चोरी समोरासमोर, यंत्रावर झाली तरी तर्क तोच. चिपचं कार्ड असून दुकानदाराचं यंत्र जुन्या चुंबकीय पट्टीवरच चालणारं असेल तर जो मागे राहिला तोच, म्हणजे दुकानदार, तोटा सोसतो. अमेरिकेत हा नियम १ ऑक्टोबर २०१५ ला आला, तोवर तिथले दुकानदार चिपकडे ढुंकूनही बघत नव्हते.

मी_वाचतेय
सोमवार, रात्री ११.४०

वाचतेय. बाबूकाका, छान उलगडून सांगितलंत.

चकलीचा_सोऱ्या
मंगळवार, सकाळी ७.१५

बाबूकाका, तुमच्या त्या 'दुकानदारा'त मी बसते हो! दादरला माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, दिवाळीत परदेशी पार्सलंच जास्त.

मागे न्यू जर्सीची एक दणदणीत ऑर्डर आली. भाजणीच्या चकल्या, बेसन लाडू, चिवडा, अनारसे, सगळं दुप्पट-तिप्पट. पैसे जमा झाले, पार्सल वेळेत पोचलं, सहीसकट पोचपावती माझ्याकडे. तुळशीचं लग्न लागलं आणि मग पेमेंट गेटवेवाल्यांचा (कार्डाने आलेले पैसे माझ्यापर्यंत पोचवणारी कंपनी) मेल आला की कार्डधारकाने व्यवहार नाकारलाय. पुढच्या हिशोबातून सगळी रक्कम कापली, चार्जबॅकची फी वेगळी, त्या फीवर जीएसटी वेगळा. आणि अमेरिकेच्या पार्सलात फराळापेक्षा कुरियरच महाग असतं, ते तर मी केव्हाच भरून बसले होते.

मी तावातावाने पोचपावती पाठवली. उत्तर आलं, माल पोचला की नाही हा वादच नाही, कार्ड ज्याचं आहे त्याने तो मागवलाच नव्हता. मग त्या पत्त्यावर दिलेल्या नंबरवर मी सरळ फोन लावला. एका मराठी बाईंनीच उचलला! बिचाऱ्या अगदी सरळमार्गी. फेसबुकवर कोणीतरी 'घरपोच मराठी फराळ, अर्ध्या दरात' अशी जाहिरात टाकली होती, त्याला त्यांनी आपले खरे डॉलर पाठवले होते. डबे माझ्या नावाचे आले तेव्हा त्यांना वाटलं मीच ती जाहिरातवाली. वर मला म्हणाल्या, "अनारसे फार सुरेख होते, पुढच्या वर्षीही तुमच्याकडूनच घेणार."

आता सांगा, मी कोणावर चिडायचं?

टवाळ_पोर
मंगळवार, सकाळी ९.०२

अर्ध्या किमतीत अनारसे मिळतात म्हटल्यावर संशय यायला हवा होता. कसले सरळमार्गी.

फोर्टचा_बाबू
मंगळवार, सकाळी १०.२०

ताई, ही जुनी चाल आहे. चोर चोरलेल्या नंबराने स्वतःसाठी वस्तू घेतच नाही. तो एक खोटं दुकान उघडतो, खऱ्या गिऱ्हाइकाकडून रोख घेतो, आणि त्याच गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर तुमच्यासारख्या खऱ्या दुकानातून चोरीच्या कार्डाने माल मागवतो. गिऱ्हाइकाला माल मिळतो म्हणून तो तक्रार करत नाही. कार्डधारकाला पैसे परत मिळतात म्हणून तो गप्प. बोंब मारायला तुम्ही एकट्या उरता, आणि तुमच्या बाजूने नियम नाही. लहान दुकानं यासाठी मुद्दाम निवडतात, कारण मोठ्यांकडे संशयित ऑर्डर हुडकणारी माणसं आणि यंत्रणा असते.

आणखी एक काळजीचं. अशा नाकारलेल्या व्यवहारांचं प्रमाण वाढलं की नेटवर्क त्या दुकानावर नजर ठेवतं आणि गेटवे तुमच्या जमेतली काही रक्कम राखून ठेवू लागतो. कधी खातंच बंद करतो.

सायनची_सून
मंगळवार, दुपारी १.३०

दुकानदाराबद्दल वाईट वाटतंच, पण 'ग्राहकाला पैसे परत मिळतात' हे वाक्य मला झोंबलं. आमच्या सासऱ्यांना मिळाले नाहीत.

त्यांना कुरियर कंपनीतून बोलतोय असा फोन आला, पत्ता दुरुस्त करायला म्हणून एक ॲप टाकायला लावलं. त्या ॲपने फोनचा पडदा पलीकडे दिसत होता. ओटीपी त्यांनी कोणाला सांगितला नाही, तो चोराने वाचला. क्रेडिट कार्डावरून एका देशी साइटवर गिफ्ट व्हाउचरं खरेदी झाली. आम्ही अर्ध्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, बँकेलाही कळवलं, त्याच दिवशी. बँकेचं उत्तर तीन ओळींचं: व्यवहार योग्य ओटीपीने झाला आहे, सबब जबाबदारी कार्डधारकाची.

बिल आलं, मुदत उलटली, व्याज चढलं. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले तेव्हा सासरे जेवणावरून उठून जायचे. बँक कोणती ते लिहीत नाही, प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आहे.

काळा_कोट_वांद्रे
मंगळवार, रात्री ९.४८

सूनबाई, तुमच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक या सगळ्याचा पाया आहे. त्यात तोट्याची वाटणी अशी आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, त्याने कळवलं असो वा नसो. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच गळती झाली (शेवटचा_डबा यांचे बूट), तर मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं की शून्य. मेसेज आला तो दिवस यात मोजत नाहीत. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर एका व्यवहारामागे ठराविक मर्यादेपर्यंत ग्राहकाचे जातात: पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या कार्डांना २५,०००. सातव्या दिवसानंतर त्या त्या बँकेचं धोरण. आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे स्वतःच गुप्त माहिती देऊन, पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा.

कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा, क्रेडिट कार्ड असेल तर ग्राहकावर व्याजाचा बोजा पडू द्यायचा नाही. क्रेडिट कार्डांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे निर्देशही सांगतात की ग्राहकाने 'फसवणूक' म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर वाद मिटेपर्यंत शुल्क लावता येत नाही. तेव्हा ते व्याज आणि वसुलीचे फोन, हे दोन मुद्दे लोकपालाकडच्या अर्जात वेगळे मांडा. मुख्य वादाचा निकाल काहीही लागो, ते स्वतंत्रपणे टिकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं कलम, जे बँकेच्या तीन ओळींच्या पत्रात कधीच सापडत नाही. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. 'ओटीपी बरोबर होता' एवढ्याने ते सिद्ध होत नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या खात्यातून गेलेले ७६ लाखांहून अधिक रुपये परत करायला बँकेला सांगितलं ते याच परिपत्रकावर बोट ठेवून. तिथे लोकपालाने आधी कंपनीचा अर्ज फेटाळला होता. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४ हजार परत करण्याचा आदेश कायम ठेवला, त्यानेही चोवीस तासांत कळवलं होतं. ही दोन्ही प्रकरणं खात्यांची आहेत, क्रेडिट कार्डाची नव्हेत, पण परिपत्रक एकच.

खरं सांगायचं तर तुमच्या सासऱ्यांच्या प्रकरणात बँक 'ॲप त्यांनीच टाकलं' असं म्हणणार आणि ते लढवावं लागणार. त्या माणसाचे कधीच गिफ्ट व्हाउचरचे व्यवहार नव्हते, एकामागून एक झाले, तरी तुमच्या यंत्रणेला शंका कशी आली नाही, हा प्रश्न लेखी विचारा. लोकपालाकडे नाही जमलं तर ग्राहक आयोग आहेच. तिथे वेळ लागतो, हे आधीच सांगते.

शून्य_शिल्लक
मंगळवार, रात्री ११.१०

आता मी जरा काडी टाकतो.

बाबूकाकांचं आणि वकीलताईंचं एकत्र वाचा. ओटीपी नाही, तर तोटा दुकानदाराचा. ओटीपी आला, तर नियमाप्रमाणे तोटा कार्ड देणाऱ्या बँकेचा. पण बँक लगेच म्हणते, ओटीपी बरोबर पडला म्हणजे तो तुम्हीच दिला. म्हणजे चेंडू दुकानदाराकडून बँकेकडे आणि बँकेकडून एका टप्प्यात ग्राहकाकडे. चोराला थांबवायला आणलेल्या सहा आकड्यांनी बिल कोणाच्या नावावर फाडायचं हेही बदलून टाकलं, आणि याची चर्चा कुठे होत नाही.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून कायदा आहे: चोरीला गेलेल्या क्रेडिट कार्डावर ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरच्या वर नाही. नुसता नंबर चोरीला गेला असेल तर शून्य. तिथे ऑनलाइन खरेदीला ओटीपीची सक्ती नाही. चोऱ्या होतात, भरपूर होतात, पण त्यांचा बोजा बँका आणि दुकानांवर, त्यामुळे संशयित व्यवहार आपोआप पकडणारी यंत्रणा त्यांनी स्वतःच्या पैशाने उभी केली. ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास एटीएमच्या बाबतीत उलटं होतं. बँका सांगायच्या, आमची यंत्रणा चुकत नाही, पिन तुम्हीच कोणाला तरी दिला असणार. केंब्रिजमधल्या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी तेव्हाच लिहून ठेवलंय की त्यामुळे ब्रिटिश बँका ढिल्या राहिल्या. तोटा आपला नसेल तर कुलूप कोण दुरुस्त करतो?

फोर्टचा_बाबू
बुधवार, सकाळी ८.०५

शून्य_शिल्लक, थोडं थांबा. २००९ च्या आधी आमच्या टेबलावर काय यायचं ते तुम्ही पाहिलेलं नाही. कार्डाच्या पुढच्या-मागच्या बाजूची झेरॉक्स कोणी हॉटेलात, कोणी ट्रॅव्हल एजंटाकडे दिलेली, आणि तेवढ्यावर विमानाची तिकिटं निघायची. ओटीपीने ते बंद केलं. नुसता नंबर घेऊन आज देशात कोणी काही करू शकत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. चोराला आता सायनच्या सूनबाईंच्या सासऱ्यांना फोन करावा लागतो, माणसं ठेवावी लागतात, सिमकार्डं जमवावी लागतात. त्याचा खर्च वाढलाय.

तुमच्या दुसऱ्या भागाशी मात्र सहमत आहे. 'ओटीपी बरोबर, सबब फेटाळलं' हे उत्तर लिहायला दोन मिनिटं लागतात, तपास करायला दोन दिवस. टेबलावर माणूस एक आणि फाइली शंभर असल्या की तो काय लिहील? मी होतो तेव्हाही तेच व्हायचं, फक्त ओटीपीच्या जागी सही असायची.

लूप_अनंत
बुधवार, दुपारी १२.२२

मी आयटीवाला. सगळे 'भरतं कोण' यावर भांडताय, गळवलं कोणी हे कोणीच विचारत नाहीये.

आधी एक गैरसमज. शेवटचा_डबा, तुमचा नंबर चोरीलाच गेला नसण्याचीही शक्यता आहे. सोळा आकड्यांतले पहिले सहा ते आठ बँकेची ओळख असतात, ते सगळ्यांना माहीत. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, तो आधीच्या आकड्यांवरून ठरतो (आयबीएमच्या लून नावाच्या माणसाची युक्ती, १९६० चं पेटंट). उरलेले आकडे संगणक धडाधड बनवतो आणि एखाद्या लहान साइटवर, बहुतेक देणगीच्या पानावर, अगदी किरकोळ रक्कम टाकून कुठला नंबर चालतो ते बघतो. त्या साइटवाल्याला प्रत्येक प्रयत्नाची फी बसते ती वेगळीच. म्हणून कार्डावर कधी दहा-वीस रुपयांचा अनोळखी व्यवहार दिसला तर हसून सोडू नका.

आणि खरोखर चोरीला गेले असतील तर ते विकले जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जोकर्स स्टॅश' नावाच्या चोरबाजारात एका दमात सुमारे १३ लाख कार्डांची माहिती विकायला आली, जवळजवळ सगळी भारतीय बँकांची, भाव एका कार्डाला १०० डॉलर. कुठून गेली त्याचं बिल कोणाच्या दारात गेल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

उलट उदाहरण अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीचं. २०१३ च्या अखेरीस त्यांच्याकडून ४ कोटी कार्डांचे नंबर गेले. चोर शिरले ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराच्या लॉगिनमधून. पुढे टार्गेटला बँकांची भरपाई करावी लागली. बँका आणि पतसंस्थांशीच सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरची एक तडजोड झाली, व्हिसावाल्यांशी वेगळी, राज्यांशी वेगळी. बँकांच्या दाव्यात लाखो कार्डं बदलून द्यायला लागली त्याचाही खर्च होता.

हा खर्च कोणी धरत नाही. आपल्याकडे २०१६ मध्ये एटीएम सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत शिरकाव होऊन ३२ लाखांच्या आसपास डेबिट कार्डं धोक्यात आली होती. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने (रुपे, यूपीआय चालवणारी संस्था) तेव्हा सांगितलं की प्रत्यक्ष पैसे गेल्याच्या तक्रारी १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांच्या, मिळून १ कोटी ३० लाखांच्या. आता एकट्या स्टेट बँकेने सहा लाखांच्या घरात कार्डं बंद करून नवी दिली. एका कार्डामागे छपाई-टपाल मिळून ५० रुपये धरले, माझा अंदाज म्हणून, तरी तीन कोटी होतात. चोराने नेलं त्याच्या दुपटीहून जास्त.

काळा_कोट_वांद्रे
बुधवार, दुपारी ३.४०

गळवणाऱ्याबद्दल कायदा काय म्हणतो तेही सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ हे कलम आणलं गेलं होतं: संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळून नुकसान केलं तर कंपनीने नुकसान झालेल्या माणसाला भरपाई द्यायची. पाच कोटींपर्यंतचे असे दावे राज्याच्या आयटी सचिवांपुढे, आपल्याकडे मंत्रालयात, चालतात. फार कमी लोकांना हे ठाऊक होतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हे कलम काढून टाकायची तरतूद आहे. नव्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, पेपरात मथळे त्याचेच आले. पण तो दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होतो. ज्याचा नंबर गेला त्याला त्यातून काही मिळत नाही.

कोथरूडकर
बुधवार, संध्याकाळी ६.५५

मुंबईकरांच्या धाग्यात पुणेकराने तोंड घालू नये, पण कॉसमॉसचा विषय कोणी काढला नाही म्हणून घालतो.

ऑगस्ट २०१८. कॉसमॉस सहकारी बँक, ९४ कोटी. चोरांनी बँकेचं स्विच, म्हणजे एटीएमला 'पैसे दे' किंवा 'देऊ नको' सांगणारी यंत्रणा, बाजूला ठेवून आपलं खोटं स्विच मध्ये बसवलं. कार्डांच्या नकला २८ देशांत वाटलेल्या, माणसं एटीएमपुढे उभी, आणि शनिवारी दुपारी काही तासांत साधारण ८० कोटी काढले. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात. नकली स्विचने परस्पर 'हो' म्हटल्यामुळे खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नव्हता, पैसे बँकेचे गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा केली, पण ते पैसे काढायला उभे केलेले प्यादे. डोकं परदेशात.

आता 'बँकेचे गेले' म्हणजे कोणाचे? सहकारी बँक सभासदांच्या मालकीची. आमच्या वडिलांकडे शेअर होते. चोरी झाली तेव्हा त्यांना 'तुमचे पैसे सुरक्षित आहेत' असा निरोप आला, आणि ते खातेदार म्हणून खरंच सुरक्षित होते. मालक म्हणून नव्हते.

टवाळ_पोर
बुधवार, संध्याकाळी ७.०३

पुणेकराने पाहुण्यासारखं येऊन धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद दिला. निषेध.

शेवटचा_डबा
बुधवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. आज गाडीत हे सगळं वाचून दाखवलं, दिवा ते दादर शांतता होती.

इन्शुरन्सचं राहिलं. बाबूकाका, तसा काही प्रकार असतो की नाही? आणि माझ्या बुटांचे परत आलेले पैसे दुकानदाराने लढून पुन्हा मागे नेले, असं होऊ शकतं का?

फोर्टचा_बाबू
बुधवार, रात्री १०.५०

इन्शुरन्स असतो. बँका घेतात तो मोठ्या दरोड्यांसाठी, किरकोळ व्यवहाराला त्याची पायरी चढत नाहीत. ग्राहकांना 'कार्ड संरक्षण' म्हणून वर्षाचे पैसे घेऊन जे विकतात त्यात बारीक अक्षरात ओटीपीचा अपवाद आहे का ते आधी बघा. परिपत्रक जे फुकट देतं तेच पुष्कळदा पैसे घेऊन दिलेलं असतं.

दुकानदार लढू शकतो, आणि जमा झालेली रक्कम निकालापर्यंत तात्पुरतीच समजायची. पण थ्री-डी सिक्युअर नसलेल्या व्यवहारात तो क्वचित जिंकतो. निकालाचं पत्र बँकेकडून मागून ठेवा. आणि परदेशी व्यवहाराचा खटका बँकेच्या ॲपात बंद करून टाका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशाने तो खटका आणि मर्यादा ठरवायची सोय प्रत्येक कार्डाला द्यावी लागते. नवं कार्ड मुळात बंद अवस्थेतच येतं, आपणच एकदा सिंगापूरला जाताना चालू करतो आणि विसरतो.

चकलीचा_सोऱ्या
गुरुवार, सकाळी ७.४०

काका, मी काल गेटवेवाल्यांना फोन केला. परदेशी कार्डांनाही थ्री-डी सिक्युअरची तपासणी लावता येते म्हणाले, पण तशी सवय नसल्यामुळे बरीच गिऱ्हाइकं त्या पानावरूनच परत जातात, विचार करून सांगा. मी 'लावा' म्हणून सांगितलं. नव्या पत्त्यावरची मोठी ऑर्डर असेल तर पैसे आले तरी आधी फोन करणार, आणि कार्डाचा पत्ता एक नि पार्सलचा दुसरा असेल तर दोनदा करणार.

काल एकीला केलाही. त्या चिडल्या, "आम्ही काय चोर आहोत का?" म्हणाल्या. ऑर्डर रद्द. आणि गेल्या खेपेचा तोटा भरून काढायला या दिवाळीपासून परदेशी डब्यांचा दर वाढवतेय.

मी_वाचतेय
गुरुवार, सकाळी ८.१०

सोऱ्याताई, माझी बहीण एडिसनला असते. दरवर्षी ती तुमच्याकडूनच मागवते, मला आत्ता कळलं! किती वाढवताय?

चकलीचा_सोऱ्या
गुरुवार, सकाळी ८.२५

अगंबाई! किलोमागे साधारण दहा टक्के. बहिणीला सांग, कार्डावरून न देता तू इथून यूपीआय केलंस तर जुनाच दर लावीन. त्यात चार्जबॅक नाही.

काळा_कोट_वांद्रे
गुरुवार, सकाळी ९.३०

यूपीआयमध्ये चार्जबॅक अजिबात नाही असं नाही हं, ताई. तिथले नियम वेगळे आहेत. वेगळा धागा काढा, लिहिते.